गोळ्या दोन, औषध एकच

केंद्रीय औषध नियंत्रकांनी एप्रिल २०२५ मध्ये ३५ विनापरवाना संयुक्त गोळ्यांवर कारवाई करायला राज्यांना सांगितले. त्यांत मधुमेहाच्याही होत्या. म्हणून घरातली प्रत्येक संयुक्त गोळी वाईट ठरत नाही. शुगर आणि कोलेस्टेरॉलची औषधे सोबत घेणे हा तर बहुतेक मधुमेहींसाठी योग्य उपचार आहे. २००४ मध्ये सुमारे २,८०० मधुमेहींवरच्या ‘कार्ड्स’ चाचणीत १० मिलिग्रॅम अॅटोर्वास्टॅटिनने हृदयविकार आणि पक्षाघातासारखे मोठे प्रसंग ३७ टक्क्यांनी घटले. स्टॅटिनमुळे शुगर किंचित वाढू शकते, पण फायदा त्याहून कितीतरी मोठा आहे.

धोका दुसरीकडे आहे, आणि आळंद तालुक्यातल्या खजुरीसारख्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या गावात तो जास्त जाणवतो. एक फाईल उमरग्याची, दुसरी कलबुर्गीची, दुखणे वाढले की सोलापूरची तिसरी. एका डॉक्टरांनी ‘अमॅरिल-एम’ लिहिली, दुसऱ्यांनी ‘ग्लायकोमेट-जीपी’. नावे वेगळी असली तरी दोन्हींत ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनच आहे. दोन्ही चालू राहिल्या आणि त्यात एकादशी किंवा रोजा आला, की शुगर एकदम खाली येते: घाम, थरथर, बरळणे, बेशुद्धी. म्हाताऱ्या माणसांना आणि किडनी कमजोर असलेल्यांना हा फटका जास्त बसतो.

याहून वाईट जोडी जेमफायब्रोझिल आणि रेपॅग्लिनाइडची. पहिले ट्रायग्लिसराइडचे औषध, दुसरे शुगरचे. एकत्र घेतल्यास रक्तातले रेपॅग्लिनाइड सुमारे आठपट वाढते. ही जोडी देऊच नये. जेमफायब्रोझिल स्टॅटिनसोबतही टाळतात, कारण स्नायू झिजून किडनीवर ताण येतो. गरज पडली तर डॉक्टर सहसा फेनोफायब्रेट निवडतात.

पाय दुखले म्हणून स्टॅटिन परस्पर बंद करू नका, आधी दाखवा. मात्र अंग असह्य दुखून लघवी काळपट झाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. जुलाब-उलट्यांत मेटफॉर्मिन आणि ‘ग्लिफ्लोझिन’ गटाच्या गोळ्या काही दिवस थांबवाव्या लागतात. डॉक्टरांना लगेच फोन करा. किडनीचा ईजीएफआर (गाळण्याच्या क्षमतेचा आकडा) ३० च्या खाली गेला, तर मेटफॉर्मिन चालत नाही. म्हणून तो ज्यावरून काढतात त्या क्रिएटिनिनची तपासणी वर्षातून एकदा तरी हवीच.

महाराष्ट्राने २०२३ मध्ये कर्नाटकातल्या ८६५ सीमागावांना जनआरोग्य योजना देऊ केली, कर्नाटकाने हरकत घेतली. पण ती योजना इस्पितळातल्या उपचारांची, रोजच्या गोळ्यांची नाही. २०२४ मध्ये कोलारपासून सुरू झालेल्या कर्नाटकाच्या ‘गृह आरोग्य’ योजनेत आशाताई घरोघरी शुगर-बीपी तपासतात. त्यांच्या नोंदीत उमरग्याहून आणलेली गोळीही आलीच पाहिजे; ती सुटली तर नोंद अपुरी आहे.

घरातल्या साऱ्या पट्ट्या एका पिशवीत घाला आणि पुढच्या वेळी ती डॉक्टरांसमोर रिकामी करा. ब्रँडखाली बारीक अक्षरांत छापलेले औषधाचे नाव त्यांच्याकडून वाचून घ्या.