वेदनेच्या कात्रीचा पत्ता

मानखुर्दला, लल्लूभाई कंपाउंडपासून स्टेशनापर्यंतच्या कुठल्याही मेडिकलमध्ये, पावसाळ्यात ओआरएसशेजारी रेसेकॅडोट्रिलच्या पुड्या दिसतात. लेकराला जुलाब लागले की डॉक्टर लिहून देतात. या औषधाचं मूळ मात्र मज्जारज्जूत आहे.

१९३१ मध्ये लंडनला फॉन ऑयलर आणि गॅडम यांना घोड्याच्या मेंदूत आणि आतड्यात एक पदार्थ सापडला. नाव पडलं सबस्टन्स पी. मज्जारज्जूत शिरणाऱ्या संवेदी मुळांत तो भरपूर, बाहेर पडणाऱ्या मुळांत तुटपुंजा. म्हणजे दुखल्याखुपल्याची वर्दी हाच देत असणार, असं १९५३ मध्ये लेम्बेकनं मांडलं. १९७५ मध्ये ॲबर्डीनला ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांना नेमकं उलट्या कामाचं एन्केफॅलिन मिळालं. शरीराची घरचीच अफू म्हणा ना! पण ही अफू टिकते जेमतेम. तिला कापतं कोण? १९७८ मध्ये पॅरिसला श्वार्ट्झ यांच्या गटानं ते विकर, म्हणजे एन्झाइम, पकडलं. दोन वर्षांत त्या कात्रीची धार घालवणारं थायॉर्फन आलं, उंदरांच्या वेदना कमी झाल्या, आणि मॉर्फिनला पर्याय मिळाल्याची स्वप्नं पडू लागली.

पुढे जे घडलं त्याचीच मला जास्त गंमत वाटते. ही कात्री एन्केफॅलिन कापते तशी सबस्टन्स पीसुद्धा कापते! दुखण्याची वर्दीही तीच पुसते, त्यावरचा उताराही. शिवाय तिचा मुक्काम फक्त मज्जारज्जूत नाही. मूत्रपिंडावर काम करणाऱ्यांना ती आधीपासून ठाऊक होती, दुसऱ्या नावानं. १९८०च्या दशकाच्या शेवटी उमगलं की मुलांच्या ल्युकेमियात पेशींवर जी खूण शोधतात, तीही हीच. कॅन्सरच्या प्रयोगशाळांत ती सीडी-१० म्हणून तपासतात. एका कात्रीची तीन बारशी.

आतड्याच्या भिंतीत एन्केफॅलिन जरा जास्त टिकलं तर आत पाणी कमी झिरपतं, आणि आतड्याची चाल मात्र मंदावत नाही. रेसेकॅडोट्रिल एवढंच करतं. शरीरात गेल्यावर त्याचं थायॉर्फनच होतं. (ओआरएसचं काम ते करत नाही, हे विसरू नये.) २०१५ मध्ये याच विकराला, आता नेप्रिलायसिन म्हणायचं, अडवणारं सॅक्युबिट्रिल अमेरिकेत हृदयरोग्यांसाठी मंजूर झालं. आता त्याच्या देशी गोळ्याही मिळतात.

त्याच काउंटरवर कंबर धरून कुणी आलं, तर मेडिकलवाला अजून पॅरासिटामॉलचीच पट्टी काढतो.