स्वयंपाकघरातील साक्ष

१९०० सालच्या डिसेंबर महिन्यात अमेरिकेतील आयोवा राज्यात जॉन हॉसॅक नावाच्या शेतकऱ्याचा रात्री निजलेला असताना कुऱ्हाडीने खून झाला. आरोप आला तो त्याच्या पत्नीवर, मार्गारेटवर. खटल्याची हकीगत वर्तमानपत्रासाठी लिहून धाडणारी वार्ताहर होती सुझन ग्लॅस्पेल ही तरुणी. १९०१ साली ज्यूरीने मार्गारेटला दोषी ठरविले. ज्यूरीत सारे पुरुषच होते. त्या काळी तेथे स्त्रियांना तो अधिकारच नव्हता. पुढच्या वर्षी वरिष्ठ न्यायालयाने निकाल फिरविला व १९०३ सालच्या फेरचौकशीत ज्यूरीचे एकमत झाले नाही. त्या घरात वर्षानुवर्षे कलह चालला होता, हे शेजाऱ्यांना मात्र ठाऊक होते.

याच घटनेवरून ग्लॅस्पेलबाईंनी १९१६ साली एक नाटिका व १९१७ साली ‘अ ज्यूरी ऑफ हर पीअर्स’ ही कथा लिहिली. कथेतील जॉन राइट गळ्याला दोर आवळून मारला गेला आहे. शेरीफ व सरकारी वकील पुरावा शोधण्यास माडीवर व गोठ्यात जातात. त्यांच्या लेखी स्वयंपाकघरात पाहण्याजोगे काहीच नाही. तेथे बसलेल्या दोन स्त्रियांना मात्र वाकळेचा एक तुकडा दिसतो. बाकीचे टाके सुबक, याच तुकड्यात ते वेडेवाकडे पडलेले. मग शिवणाच्या पेटीत रेशमी कापडात गुंडाळलेला कॅनरी पक्षी सापडतो. त्याची मान मुरगळलेली असते.

जॉन राइट दारू पीत नसे, शब्द पाळी, कर्ज फेडी. लोक त्याला सज्जन म्हणत. लग्नापूर्वी चर्चच्या गायकवृंदात गाणारी मिनी त्याच्या घरी आल्यावर मुकी झाली. एवढा एकच जुलूम लेखिकेने दाखविला आहे, आणि आम्हांस तो वळ दाखविण्याहून अधिक भेदक वाटतो. शेजारीण मिसेस हेल हिला शेवटी एकच गोष्ट बोचते: आपण वीस वर्षांत या घरी डोकावलो नाही, हाच खरा गुन्हा. दोघी तो पक्षी लपवितात. पुरावा दडविणे आम्हांस मान्य नाही. तरी त्यांना दोष देताना आमची लेखणी अडखळते, हे कबूल केले पाहिजे.

झोरा नील हर्स्टन या कृष्णवर्णी लेखिकेची १९२६ सालची ‘स्वेट’ ही कथा याहून उघड आहे. फ्लॉरिडातील डीलिया गोऱ्यांचे कपडे धुऊन घर चालविते. लग्नानंतर दोनच महिन्यांनी नवऱ्याने, साइक्सने, तिला पहिला मार दिला. त्याला आता पंधरा वर्षे झाली. त्याच्या पंक्तीला बसून प्रभुभोजन घ्यावे लागू नये म्हणून ती आपले नाव दुसऱ्या गावच्या चर्चमध्ये नेते. धर्मनिष्ठ स्त्रीला हे किती जड गेले असेल, हे आमच्या वाचकांस सांगणे नको.

दुकानाच्या ओसरीवर बसलेल्या पुरुषांना सारे ठाऊक आहे. रस काढून झाला की ऊस चोथा म्हणून फेकतात, तसे काही नवरे बायकांचे करतात, असे दुकानदार जो क्लार्क बोलतो. साइक्सला धडा शिकविला पाहिजे, यावर सर्वांचे एकमत होते. पण उकाडा फार असतो. कोणीतरी कलिंगडाची गोष्ट काढतो, आणि मंडळी ते कापून खाऊ लागतात.

डीलियाला घालविण्यासाठी साइक्स घरात विषारी साप आणतो. तो साप पहाटे त्यालाच डसतो. अंगणातील बकाणनिंबाच्या झाडापर्यंत जाऊन डीलिया उभी राहते. डॉक्टर दूर ऑर्लंडोला. आतून तो तिला हाका मारीत असतो, आणि ऊन चढू लागलेले असते.