स्टेपनीतही हवा नव्हती!

मैत्रिणींनो, तुमच्या घरी चारचाकी असेल तर एक प्रश्न विचारते. तिच्या स्टेपनीत हवा आहे का, हे तुम्ही शेवटचं कधी पाहिलं? नाही ना आठवत? मलाही आठवत नव्हतं. आणि त्याची शिक्षा मात्र दुसरीनंच भोगली.

गेल्या संक्रांतीनंतरची गोष्ट. इसापूर धरणाच्या बाजूला एका गावात आमच्या बचत गटांची बैठक होती. बैठक झाली, मग हळदीकुंकू, तिळगूळ, वाण... बायका एकत्र आल्या की वेळेचं भान कुठं राहतं! कळमनुरीला परत निघालो तेव्हा दिवस कलला होता. गाडीत आम्ही पाच जणी. गाडी मीच चालवत होते. चाळिशी उलटल्यावर शिकले, त्याची गोष्ट पुन्हा कधीतरी. मागच्या सीटवर आमच्या गटाची नवी सचिव बसली होती. चार महिन्यांचं लेकरू सासूजवळ ठेवून 'दोन तासांत येते' म्हणून ती घरून निघाली होती.

अर्ध्या वाटेत स्टेअरिंग डावीकडं ओढायला लागलं. उतरून पाहिलं तर पुढचं डावं चाक बसलेलं. दोन्ही बाजूंना ऊस, माणूस नाही की काणूस नाही. पण मी घाबरले नाही. चाक बदलायला मी शिकले होते ना! दोघींनी मिळून पान्यानं नट सैल केले, जॅक लावला, स्टेपनी बसवली. मोठ्या रुबाबात जॅक खाली घेतला आणि स्टेपनी फस्सकन जमिनीला टेकली. तीन वर्षं ती डिकीत पडून होती. तिच्याकडं कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं.

आमचे हे लग्नासाठी नांदेडला गेलेले. मोबाईलला रेंजची एखादी काडी यायची नि जायची. शेवटी मोटारसायकलवरून जाणारा एक मुलगा थांबला. "काकू, चाक काढून द्या, फाट्यावरून हवा मारून आणतो," म्हणाला. देवासारखा धावून आला बिचारा. पण पुन्हा जॅक, पुन्हा पाना, त्याचं जाणं-येणं, यात दीड तास गेला. अंधार पडला. सचिवबाईंच्या घरून फोन लागला, तेव्हा सासूच्या बोलण्यापेक्षा लेकराचं रडणंच मोठ्यानं ऐकू येत होतं. ती काही बोलली नाही. पदर छातीशी घट्ट धरून उभी राहिली. ब्लाउज भिजलेला आम्हाला सगळ्यांनाच दिसत होता. कुणाला काय बोलावं ते सुचेना.

दुसऱ्या दिवशी पंक्चरवाल्यानं टायरमधून बोटाच्या पेरापेक्षाही लहान खिळा काढून माझ्या हातावर ठेवला. "ताई, टायर ट्युबलेस हाय. एवढ्याशा खिळ्यानं हवा हळूहळू जाते. गाडीत हवा भरायची मशीन असती तर खिळा तसाच ठेवून हवा भरायची, अन् सरळ घरी जायचं."

सरळ घरी! म्हणजे हाताएवढ्या एका वस्तूसाठी ते लेकरू दीड तास रडलं.

तेव्हाच ठरवलं, ही मशीन घ्यायची. पण घेण्याआधी नीट समजून घ्यायची. साडी घेताना आपण पोत पाहतो, पदर उलगडून पाहतो. मग मशीन काय डोळे मिटून घ्यायची?

हिंगोलीला दुकानात गेलो. प्रश्न मी विचारत होते, उत्तरं दुकानदार यांना देत होता! "साहेब, हे दीडशे पीएसआयचं आहे, एकदम पॉवरफुल." मी म्हणलं, "भाऊ, आमच्या गाडीला तेहतीस लागते. दीडशे घेऊन काय करू?" तेव्हा कुठं त्यानं माझ्याकडं पाहिलं. पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजायचं माप. बहुतेक छोट्या गाड्यांना ३० ते ३५ पीएसआय लागतं. आपल्या गाडीचा नेमका आकडा ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं की चौकटीवरच्या स्टिकरवर किंवा गाडीच्या पुस्तकात सापडतो. टायरवर जो आकडा कोरलेला असतो तो कमाल मर्यादेचा. तेवढी हवा भरायची नसते.

मग पाहायचं काय? मशीन मिनिटाला किती लिटर हवा देते ते. हा आकडा ३० ते ३५ च्या आसपास असेल तर निम्मं बसलेलं चाक साधारण पाच मिनिटांत चालवण्याजोगं होतं. आकडा फार कमी असेल तर मशीन नुसतीच गुरगुरत बसते.

दुसरी गोष्ट विजेची. यात दोन प्रकार आहेत. एक मोबाईलचा चार्जर लावतो त्या गोल सॉकेटमध्ये वायर खोचून चालणारा, दुसरा स्वतःची बॅटरी असलेला. बॅटरीवाला सुटसुटीत दिसतो. पण आपल्या मराठवाड्याचा उन्हाळा आठवा! उन्हात उभ्या गाडीची भट्टी होते आणि अशा उष्णतेत लिथियम बॅटरी लवकर खराब होते. शिवाय सहा महिने चार्जिंग केलं नाही तर ऐनवेळी मशीन गप्प. म्हणून चारचाकीत कायम ठेवायला मी वायरवाला पसंत केला. स्कूटीला मात्र बहुधा तसं सॉकेट नसतं. तिथं बॅटरीवालाच बरा, पण तो घरात ठेवायचा आणि दर महिन्याला आठवणीनं चार्ज करायचा.

वायरवाला घेताना एक हिशेब करा. बहुतेक गाड्यांत त्या सॉकेटचा फ्यूज १० ते १५ अँपिअरचा असतो. १२ व्होल्टनं गुणलं की होतात १२० ते १८० वॅट. मशीन आपल्या गाडीच्या मर्यादेतच बसणारी हवी, नाहीतर फ्यूज उडतो. वापरताना इंजिन चालू ठेवावं, म्हणजे गाडीची बॅटरी उतरत नाही. पण हे मोकळ्या जागेत, बंद गॅरेजमध्ये नव्हे. एक-दोन चाकं झाली की मशीनला विसावाही द्यायचा. सलग किती मिनिटं चालवायची ते तिच्यावर लिहिलेलं असतं.

तिसरी गोष्ट मी दुकानातच करून पाहिली. म्हणलं, "आमच्याच गाडीला लावून दाखवा." पहिल्या मशीनची वायर मागच्या चाकापर्यंत पोचलीच नाही! दुकानदारही हसला. दुसरी पोचली. तिची नळी व्हॉल्व्हवर आटे फिरवून घट्ट बसते, हवा निसटत नाही. आकडा आधी लावून ठेवला की तेवढी हवा भरताच ती आपोआप बंद होते. अंधारासाठी छोटा दिवाही आहे. पेट्रोल पंपावरच्या मीटरशी तिचा आकडा ताडून पाहिला, जवळजवळ सारखाच आला. अशा मशीन साधारण हजार-दीड हजारापासून तीन-चार हजारांपर्यंत मिळतात. तेवढंही जमत नसेल तर पायानं मारायचा पंप घ्या. घाम निघेल, पण काम होईल.

एक मात्र लक्षात ठेवा, ही मशीन म्हणजे जादूची कांडी नव्हे. टायर बाजूनं फाटला असेल किंवा ट्यूबचा असून ट्यूबच फाटली असेल तर हवा टिकणार नाही. टायर रिममधून सुटला असेल तरी तिचा उपयोग नाही. तिथं स्टेपनीच हवी. बसलेल्या चाकावर गाडी दामटली तर टायर कायमचा जातो. आणि हवा भरून निघालात तरी हळू चालवा, मधे थांबून आकडा पाहा आणि पहिलं पंक्चरचं दुकान गाठा.

नवी गाडी घेणाऱ्यांना आणखी एक सांगते. २०२० मध्ये केंद्र सरकारनं नियम बदलला. ट्युबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचं साहित्य असेल तर गाडीत स्टेपनी नसली तरी चालते. त्यामुळं काही नव्या गाड्यांत, विशेषतः विजेवर चालणाऱ्या, स्टेपनीच नसते. तेव्हा गाडी घरी आणण्याआधी डिकी उघडून बघा.

आता महिन्यातून एकदा, सकाळी टायर थंड असताना, मी पाचही चाकांची हवा तपासते. हो, पाचही! रस्त्यात थांबावंच लागलं तर गाडी कडेला घ्यायची, चारही इंडिकेटर लावायचे आणि सगळ्यांना उतरवून रस्त्यापासून लांब उभं करायचं. मदतीसाठी ११२ आणि राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३, हे दोन नंबर मोबाईलमध्ये हवेतच.

मशीन आणली त्या महिन्याच्या बैठकीत ती सगळ्यांना दाखवली. एका चाकाची हवा मुद्दाम कमी केली आणि एकेकीला भरायला लावली. काही जणी लाजल्या, "आम्हाला नाही जमायचं, ताई," म्हणाल्या. सगळ्यांत आधी पुढं आली ती आमची सचिव. लेकरू कडेवरून जावेकडं दिलं, पदर खोचला, नळी फिरवून बसवली आणि आकड्याकडं टक लावून बसली. मशीन थांबली तशी उठली, हात झटकले आणि म्हणाली, "ताई, आता पुढच्या बैठकीला मी येते बरं का!"

तोवर ती पुन्हा येईल की नाही, हे विचारायची माझी हिंमत झाली नव्हती.

तेव्हा मैत्रिणींनो, मशीन सवडीनं घ्या. पण हा लेख वाचून झाला की आधी डिकी उघडा आणि स्टेपनीची हवा तपासून घ्या.