किल्ल्यावरची चित्रे आणि पुढील दिवाळी

सिद्धेश्वरसारख्या पूर्णाकाठच्या गावात मातीचे खेळणे म्हटले, की प्रथम पोळ्याचे बैल आठवतात. पुणे-सातारा बाजूला तेच स्थान दिवाळीच्या किल्ल्यावरील मावळ्यांचे आहे. त्यांना तिकडे 'चित्रे' म्हणतात. पुष्कळ घरांत किल्ला मोडला तरी चित्रे टाकून देत नाहीत. कागदात गुंडाळून ठेवतात, पुढल्या वर्षी पुन्हा मांडतात आणि त्यांत नवी भर घालतात. असा संग्रह करणाऱ्यांनी कारागिरांकडे काय मागावे, याचा येथे थोडा विचार करू.

पहिली मागणी प्रमाणाची. आज एकाच पाटीत वीतभर मावळा आणि त्याच्या गुडघ्याइतका घोडा सापडतो. इंग्लंडात विल्यम ब्रिटन याने १८९३ साली पोकळ शिशाचे सैनिक ओतले. पुढे अशा सैनिकांसाठी ५४ मिलिमीटर उंचीचे माप रूढ झाले. म्हणजे खऱ्या माणसाचा सुमारे बत्तिसावा भाग. हे माप धरले तर ३० फुटी तट ११ इंचांचा होतो आणि अंगणातल्या किल्ल्याला शोभतो. शिवाय आज घेतलेला शिपाई दहा वर्षांनी घेतलेल्या शिपायाशेजारी उभा राहू शकतो. संग्रहाला एवढी हमी तरी हवीच.

दुसरी मागणी माणसांची. भालाईत पुष्कळ झाले. पण किल्ला काय केवळ भाल्यावर उभा राहतो? तेथे पाथरवट हवा, लोहार हवा, पाणी वाहणारी बाई हवी. रायगडावरील शिलालेखात ज्याचे नाव कोरलेले आहे, त्या हिरोजी इंदुलकराची मूर्ती कितीशा किल्ल्यांवर दिसते? जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे समुद्राचे सोबती आहेत. मग चित्रांत गुराब आणि गलबतही नको का?

तिसरी मागणी मालाची. साच्याच्या दोन अर्ध्यांत माती दाबायची, ते जोडायचे, सावलीत सुकवून आव्यात भाजायचे आणि मग रंगवायचे, ही जुनी रीत. प्लास्टरचे चित्र लवकर तयार होते. पण फुटले की त्याचा कचरा मातीत सहज मिसळत नाही. भाजलेली माती आणि शिसे नसलेला रंग आम्हांस पसंत आहे. खेळणे अखेर मुलाच्या हाती आणि कधी तोंडीही जाते. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोची खूण सक्तीची झाली. मात्र हस्तकला आयुक्तालयाकडे नोंदलेल्या कारागिरांच्या मालाला तीतून सूट आहे. तेव्हा कारागिराने आपली नोंद करून घ्यावी आणि चित्राच्या बैठकीखाली नाव व वर्ष उमटवावे. संग्राहकाला ओळख मिळेल, कारागिराला मान.

कोणी म्हणेल, एवढे सारे चार पैशांच्या खेळण्यात कसे बसावे? शंका रास्त आहे. नवा साचा करायला खर्च लागतो आणि किती चित्रे खपतील हे कुंभाराला ठाऊक नसते. म्हणून तो जुनाच साचा वापरतो. त्याला दोष देण्यापूर्वी गिऱ्हाइकाने आपले वर्तन पाहावे. दिवाळीच्या आदल्या दिवशी घासाघीस करणाऱ्याला नवे चित्र मागण्याचा हक्क कसा पोहोचतो?

यावर उपाय साधा आहे. चार शाळांनी, दोन तरुण मंडळांनी मिळून मागणी आताच, वसंतात, नोंदवावी आणि काही रक्कम आगाऊ द्यावी. उन्हाळ्यात माती चांगली सुकते, पावसाळ्यात ते काम अडते. आपल्या भागातला जो कुंभार श्रावणात पोळ्याचे बैल करतो, त्याला आश्विनातही काम मिळेल. त्याच्या मुलाला हा धंदा पुढे चालवावासा वाटेल की नाही, हे बऱ्याच अंशी अशा मागणीवरच ठरणार आहे.