इंजिन कुठलं बसवायचं?

वडखळहून अलिबागला जाताना वाटेत कार्लेखिंड लागते. तिथल्या चिंकारा मोटर्सनं 2000 नंतरच्या दशकात एक बुटकी, उघडी, दोन आसनी गाडी बनवली: रोडस्टर 1.8 एस. बॉनेट लांबलचक, पुढची चाकं अंगाबाहेर, दिवे सुटे. हे रूप इंग्लंडच्या लोटस सेव्हनचं. बॉनेट उचललं की मात्र इसुझूचं 1.8 लिटरचं पेट्रोल इंजिन दिसतं, आपल्या अ‍ॅम्बॅसडरमध्ये असायचं ते. नावाजलेल्या स्पोर्ट्‌स कारच्या प्रतिकृतीत टॅक्सीचं इंजिन म्हटल्यावर नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. मला मात्र ही निवड मूळ गाडीशी अत्यंत प्रामाणिक वाटते.

कॉलिन चॅपमननं सेव्हन आणली 1957 मध्ये. लोटसचा उद्योग उत्तर लंडनच्या हॉर्न्सी भागात, त्याच्या वडिलांच्या पबमागच्या तबेल्यात उभा राहिला होता. सेव्हन म्हणजे पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणि सगळं मिळून वजन पाचशे किलोच्या आत. इंजिन फोर्डचं, 1172 सीसीचं, साइड व्हॉल्व्ह, जेमतेम 40 हॉर्सपॉवरचं. त्या काळच्या फोर्डच्या साध्या घरगुती गाड्यांत असायचं तेच. इंग्लंडमध्ये तयार गाडीवर परचेस टॅक्स भरावा लागे, सुट्या भागांच्या संचावर लागत नसे. म्हणून गिऱ्हाईक सगळे भाग घरी नेई आणि गाडी स्वतःच्या हातानं जोडी. अशा माणसाला परवडणारं, जवळच्या गॅरेजवाल्याला कळणारं इंजिन हवं होतं.

ज्याची ऐपत होती त्याच्यासाठी पुढे कॉव्हेंट्री क्लायमॅक्सचं सुमारे 75 हॉर्सपॉवरचं इंजिनही आलं. त्याचा मूळपुरुष आग विझवायच्या पंपासाठी बनवलेला होता! 1973 मध्ये सेव्हनचे हक्क केटरहॅमकडे गेले. त्यांनी फोर्डची इंजिनं बसवली, रोव्हरची बसवली आणि 2013 मध्ये सुझुकीचं 660 सीसीचं तीन सिलिंडरचं टर्बो इंजिनही बसवलं. तेव्हा सेव्हनचं ‘खरं’ इंजिन एकच, असं म्हणायला जागाच नाही. खरी आहे ती निवडीमागची रीत: बाजारात सहज मिळणारं, हलकं, साधं इंजिन घ्यायचं आणि गाडीचं वजन इतकं कमी ठेवायचं की तेवढी ताकद पुरून उरावी.

नुसत्या ताकदीमागे लागलं की काय होतं, ते एसी कोब्रानं दाखवून दिलं. 1962 मध्ये कॅरोल शेल्बीनं एसी कंपनीच्या हलक्या गाडीत फोर्डचं व्ही-8 इंजिन बसवलं आणि जोडी छान जमली. 1965 मध्ये सात लिटरचं अवजड इंजिन आणलं, तेव्हा सांगाडाच नव्यानं बनवावा लागला: नळ्या जाड झाल्या, पाटे जाऊन कॉइल स्प्रिंग आल्या. इंजिन बदललं की गाडी बदलते, ती अशी.

प्रतिकृती बांधणारा म्हणून आधी हॉर्सपॉवरचा आकडा बघत नाही. तो पहिल्यांदा बघतो की इंजिन उभं बसतं की आडवं. सेव्हनमध्ये इंजिन पुढे, लांबीच्या दिशेनं बसतं. त्यामागे गिअरबॉक्स, मग शाफ्ट आणि ओढ मागच्या चाकांना. आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांचं इंजिन आडवं असतं आणि ओढ पुढच्या चाकांना जाते. ते फिरवून उभं बसवता येतं, पण मग जुळेल असा गिअरबॉक्स शोधा, मधलं बेल हाउसिंग बनवून घ्या, माउंटिंग नव्यानं जोडा. अ‍ॅम्बॅसडरच्या इसुझूला यातलं काहीच लागत नव्हतं. इंजिन उभं, पाठीला पाच गिअरचा बॉक्स आणि ओढ मागे.

पुढचा प्रश्न उंचीचा. सेव्हनचं नाक इतकं खाली असतं की उंच इंजिनानं बॉनेट बंद होत नाही. इंजिन खाली सरकवलं तर ऑइलचा चेंबर पहिल्याच स्पीडब्रेकरला घासतो. मग चेंबर कापून उथळ करतात आणि आत आडपडदे जोडतात, नाहीतर जोरात वळताना ऑइल एका बाजूला जातं, पंप हवा ओढतो आणि बेअरिंग जळतात. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड कुठल्या बाजूला येतो तेही आधीच पाहायचं. स्टिअरिंगचा दांडा त्याच बाजूला असेल तर दोघांना मिळून बोटभर जागा उरते. म्हणून जाणते कारागीर आतून रिकामा केलेला जुना ब्लॉक सांगाड्यात टांगून मापं घेतात आणि मगच वेल्डिंगला हात घालतात.

आजच्या इंजिनाबरोबर ईसीयू, सेन्सर आणि सगळं वायरिंग येतं, त्यामुळे सुट्या इंजिनापेक्षा ज्यातून ते काढायचं ती अख्खी गाडी विकत घेतलेली बरी. रस्त्यावर चालवायची असेल तर परवानगीचं आधी बघायचं. भारतात 1 एप्रिल 2020 पासून नव्या गाड्यांना बीएस-6 लागू आहे. जुनं इंजिन बसवून नवी गाडी म्हणून नोंदणी मिळेल, या भरवशावर कुणी पैसे घालू नयेत.

अ‍ॅम्बॅसडरचं उत्पादन 2014 मध्ये थांबलं. मग आज अशी गाडी बांधायची तर कुणाकडे पाहावं? मी मारुती ईकोकडे बोट दाखवीन. 2010 मध्ये ती आली तेव्हा तिचं इंजिन 1196 सीसीचं आणि सुमारे 73 हॉर्सपॉवरचं होतं. चॅपमनच्या पहिल्या सेव्हनपेक्षा सीसी चोवीसनं जास्त आणि ताकद पावणेदोन पटींहून अधिक. इंजिन उभं, पाच गिअर, ओढ मागच्या चाकांना. ते सीटखाली बसण्यासाठी घडवलेलं असल्यामुळे माउंटिंग आणि चेंबरवर मेहनत घ्यावी लागेल, ती घ्यावीच. शाळेची मुलं आणि दुकानाचा माल वाहणाऱ्या या गाडीचे स्पेअर पार्ट तालुक्याच्या गावीही मिळतात. चॅपमनला 1957 मध्ये इंग्लंडात जे हवं होतं, ते आपल्याकडे आज त्याच गाडीत आहे.