काळ्या ज्वारीचं विरजण

कणसं भरत आली असताना पाऊस चार दिवस ठाण मांडून बसला, की खरिपाची ज्वारी काळी पडते. दाण्यावर बुरशी चढते, भाकरीची चव जाते, बाजारात भाव पडतो. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला हे दुःख नवं नाही. पण त्या दाण्यातला स्टार्च बराचसा शिल्लक असतो. हायड्रोजन करणाऱ्या जिवाणूंना तेवढा पुरतो.

प्रयोगशाळेत कामाची सुरुवात स्वयंपाकघरासारखीच होते. ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून पातळ पेज शिजवतात. शिजलेला स्टार्च फुगतो आणि जिवाणूंना लवकर पचतो. मग लागतं विरजण, आणि ते मिळतं गोबरगॅसच्या टाकीत. मात्र तिथला गाळ तसाच घालून चालत नाही. त्यात मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव असतात आणि ते हायड्रोजन तयार होताच खाऊन टाकतात. म्हणून गाळ आधी तासभर उकळत्या पाण्यात ठेवतात. मिथेनवाले मरतात. क्लॉस्ट्रिडियम कुळातले जिवाणू मात्र बीजाणूच्या जाड कवचात तग धरतात आणि अनुकूल परिस्थिती मिळताच पुन्हा वाढू लागतात. इतक्या साध्या युक्तीने हवे ते आणि नको ते वेगळे होतात, हे या कामातलं सगळ्यात सुंदर पाऊल.

पेज आणि विरजण काचेच्या बाटलीत भरायचं, नायट्रोजन सोडून आतली हवा हुसकायची, रबरी बूच घट्ट बसवायचं आणि बाटली ३७ अंशांच्या उबेत ठेवायची. पहिले काही तास काहीच घडत नाही. मग पेजेवर बारीक बुडबुडे दिसू लागतात. बुचात खोचलेल्या सिरिंजचा दट्ट्या कुणी हात न लावता वर सरकतो. हा वायू कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून नेला, की त्यातला कार्बन डायऑक्साइड तिथेच शोषला जातो. उरलेला वायू पाण्याने भरलेल्या उलट्या नळीत जमतो आणि पाण्याची पातळी खाली खाली जाते. तोच हायड्रोजन.

बूच काढलं की नाकात खवट लोण्याचा वास भरतो. तो ब्युटिरिक आम्लाचा. आम्लं वाढली, पीएच ५च्या बराच खाली गेला, की जिवाणू हायड्रोजन सोडणं आवरतं घेतात. म्हणून मध्येमध्ये कॉस्टिकचे थेंब घालून पीएच साडेपाचच्या आसपास राखावा लागतो. गाळ नीट उकळला गेला नसेल, तर काही दिवसांत हायड्रोजन घटतो, मिथेन चढतो आणि सगळं पहिल्यापासून मांडावं लागतं.

धान्यातून असा वायू निघतो हे शंभर वर्षांपूर्वीही ठाऊक होतं. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्यासाठी अ‍ॅसिटोन हवं होतं, तेव्हा मँचेस्टरमधले रसायनशास्त्रज्ञ खाइम वाइझमन यांनी क्लॉस्ट्रिडियमच मक्याच्या पिठावर वाढवले. तिथेही टाक्यांमधून कार्बन डायऑक्साइडबरोबर हायड्रोजन निघत होता, पण तो होता जोडउत्पादन.

आता हिशेब. स्टार्च फुटून होणाऱ्या १८० ग्रॅम ग्लुकोजपासून या मार्गाने फार तर ८ ग्रॅम हायड्रोजन मिळतो. प्रत्यक्षात बहुतेकदा त्याच्या निम्माच हाती लागतो, कारण बाकीची ऊर्जा आम्लांत अडकून राहते. किलोभर ज्वारीत सुमारे ७०० ग्रॅम स्टार्च धरला, तर एक किलो हायड्रोजनला ५० किलोचं अख्खं पोतंही कमी पडतं. तेवढ्या हायड्रोजनवर फ्युएल सेलची मोटार साधारण १०० किलोमीटर धावते. शंभर किलोमीटरसाठी पोतंभर चांगली ज्वारी टाकीत ओतणं हा अन्नाचा अपमान आहे. टाकीत जायचं ते काळं पडलेलं, भिजलेलं, खाण्याजोगं न उरलेलं धान्यच, नाहीतर काडीकचरा. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनेही सेंटियंट लॅब्जच्या साथीने हीच दुसरी वाट धरली. शेतातल्या अवशेषांपासून जिवाणूंच्या मदतीने थेट हायड्रोजन काढण्याचं त्यांचं तंत्र २०२१मध्ये पुढे आलं.

राहिली ती खवट वासाची पेज. ती फेकत नाहीत. दुसऱ्या टाकीत ओततात आणि तिथे गोबरगॅसचा गाळ घालतात, या वेळी न उकळता. पहिल्या टाकीसाठी ज्यांना मारलं, तेच मिथेनवाले आता आम्लांवर ताव मारतात आणि नळीतून जळाऊ वायू येऊ लागतो.