वाक्य घडवणारे शिक्षक

माध्यमिक शाळेतल्या इंग्रजीच्या शिक्षकाचा प्रभाव जन्मभर टिकतो तो कशामुळे? विद्यार्थी सहसा त्याच्या वक्तृत्वाची आठवण काढतात. ब्रिटनमधली तीन प्रसिद्ध उदाहरणे मात्र वेगळे उत्तर देतात. विन्स्टन चर्चिल १८८८मध्ये हॅरो शाळेत दाखल झाले आणि बराच काळ खालच्या वर्गातच राहिले. लॅटिन-ग्रीक न झेपणाऱ्या अशा मुलांना रॉबर्ट सॉमरव्हेल इंग्रजी शिकवत. कर्ता, क्रियापद, कर्म, गौण वाक्य यांना वेगवेगळ्या रंगांची शाई वापरून ते वाक्यपृथक्करणाचा नित्य सराव करून घेत. इंग्रजी वाक्यावरची आपली हुकमत या सरावातून आली, हे ऋण चर्चिल यांनी १९३०च्या आत्मचरित्रात मोकळेपणाने मान्य केले. १९५३मध्ये त्यांना साहित्याचे नोबेल मिळाले.

यॉर्कशरच्या मेक्सबरो ग्रामर स्कूलमध्ये जॉन फिशर यांनी टेड ह्यूज यांच्या कोवळ्या कविता गांभीर्याने वाचल्या. पुढे राजकवी झालेल्या ह्यूज यांच्या आरंभीच्या कविता शाळेच्या नियतकालिकातच छापल्या गेल्या. मराठी वाचकाला अधिक जवळचे वाटावे असे उदाहरण वेल्समधल्या पोर्ट टॅलबटचे आहे. खाणकामगाराचा मुलगा रिचर्ड जेन्किन्स याची घरची भाषा वेल्श होती. शिक्षक फिलिप बर्टन यांनी त्याचे उच्चार, आवाज, शेक्सपिअरचे वाचन यांवर चिकाटीने मेहनत घेतली. १९४३मध्ये ते त्याचे कायदेशीर पालक झाले आणि पुढे जगाने त्याला अभिनेता रिचर्ड बर्टन या नावाने ओळखले. तिन्ही ठिकाणी शिक्षकाने विद्यार्थ्याचे एकेक वाक्य, एकेक उच्चार पुन्हापुन्हा तपासला. टिकला तो या तपासणीचा संस्कार.

यावर आक्षेप येईल की ही यशस्वी माणसांची चरित्रे आहेत, आणि अंगची प्रतिभा शिक्षकावाचूनही फुललीच असती. पहिला भाग रास्त आहे. कीर्तीवरून शिक्षकाचे मोल ठरवू नये. पण सॉमरव्हेल यांचा सराव एकट्या चर्चिलसाठी नव्हता, मागे पडलेल्या अख्ख्या वर्गासाठी होता. दुसरा भाग पटत नाही. रिचर्ड शाळा सोडून कापडाच्या दुकानात कामाला लागला होता. तो शाळेत परतला नसता आणि फिलिप बर्टन यांची मेहनत त्याला लाभली नसती, तर त्याच्या प्रतिभेला वाट कोण दाखवणार होते?

इंग्रजी ही जिथे परकी भाषा आहे, तिथे हा मुद्दा अधिकच महत्त्वाचा ठरतो. महाराष्ट्रात २०००पासून पहिलीपासून इंग्रजी शिकवली जाते, पण नुसती वर्षे वाढवल्याने भाषा येत नाही. मुलाने स्वतः लिहिलेले वाक्य कोणीतरी लक्षपूर्वक वाचावे लागते आणि का चुकले ते सांगावे लागते. प्रेरणादायी शिक्षकांचे गोडवे गाणाऱ्या समाजाने त्यांना वह्या तपासायला पुरेसा वेळ आणि आवाक्यातला वर्ग दिला पाहिजे. खरी गुरुदक्षिणा तीच.